निंबा पेंटरची धुळ्याची बाई

निंबा पेंटरने धुळ्याला बाई ठेवली आहे, ही बातमी बोदवडात पहिल्यांदा फुटली ती निज श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, आणि अगदी हळू आवाजात. आमच्याकडे हळू बोललेलं संध्याकाळच्या आत रेल्वे फाटक ओलांडतं. मोठ्याने बोललेलं फक्त आमच्या समाजाचे अध्यक्ष हेमराज आबांच्या भाषणात असतं, आणि ते मंडपाच्या बाहेरसुद्धा जात नाही.

बातमी आणली चिंधाने. चिंधा एसटीत कंडक्टर, जळगाव-धुळे गाडीवर. तिकीट देताना तो माणसाच्या तोंडापेक्षा पिशवीकडे जास्त बघतो. त्याने सांगितलं की निंबाभाऊ पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा धुळ्याला आला. अंगात इस्त्रीचा शर्ट. मांडीवर एक जड गाठोडं, आणि ते गाठोडं जांभळ्या साडीत बांधलेलं. ओळख दाखवली नाही, पूर्ण रस्ताभर खिडकीकडे तोंड.

"आणि उतरताना फोन आला तर काय म्हणे? 'आलोच मॅडम, दुकान बंद करू नका.' मॅडम! आपल्या गावात हा कोणाला मॅडम म्हणतो, सांगा."

टपरीवाल्या नवीनने त्यात आपला कात-चुना लावला. दोन दिवसांपूर्वी निंबा त्याच्या टपरीमागे उभा राहून कोणाशी तरी बोलत होता. "आज येऊ का? ... नाही? मग परवा? ... बरं, बरं. पण कोणाला दाखवू नका हं. आपल्या दोघांतच राहू द्या."

एवढा पुरावा असला की बोदवडात चौकशी होत नाही, थेट निकाल लागतो.

आता हा निंबा कोण, ते सांगतो, म्हणजे धुळ्याच्या त्या बाईची किती कीव करायची ते तुम्हाला ठरवता येईल. वय एकसष्ट. समोरचे दोन दात नाहीत, आणि जे आहेत ते तंबाखूने लाकडी झालेत. अक्षर मात्र देखणं, हे कबूल केलं पाहिजे. पंचवीस वर्षं त्याने दुकानांच्या पाट्या, केळीच्या ट्रकांच्या पाठी आणि ग्रामपंचायतीच्या भिंती रंगवल्या. इतका सावकाश रंगवायचा की एका किराणा दुकानाची पाटी पुरी होईपर्यंत भाऊभाऊ वेगळे झाले आणि पाटीवरचं 'बंधू' खोडावं लागलं. पुढे फ्लेक्स आले. निंबाने दोन वर्षं फ्लेक्सला शिव्या दिल्या. तिसऱ्या वर्षी कॉम्प्युटर आणला, घराच्या पुढच्या खोलीत मांडला आणि दारावर स्वतःच्या हाताने पाटी रंगवली: 'निंबा डिजिटल'.

त्या दिवसापासून निंबा माणसात राहिला नाही. कोणी वही काढली की हा हसायचा. "कागद उंदीर खातो, वाळवी खाते, पाण्यात विरघळतो. यात टाकलं की जन्माचं काम." हे म्हणताना तो त्या डब्यावर थाप मारायचा, जशी बाजारात बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतात. कॉम्प्युटरबद्दल त्याला एकूण एकच गोष्ट ठाऊक होती, आणि ती त्याला जामनेरच्या कोणा मेकॅनिकने सांगितली होती: सी ड्राइव्हमध्ये काही ठेवायचं नाही, व्हायरस आला की आधी सी खातो. म्हणून निंबाचं सगळं डीमध्ये. आणि शहाणा माणूस दुसरी प्रत ठेवतो, हेही त्याने कुठे तरी ऐकलेलं. म्हणून दुसरी प्रतही ठेवली होती. डीमध्येच. फोल्डरचं नाव 'जपून ठेवणे'. दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात अडकवून जुडगा विहिरीच्या काठावर ठेवणारी माणसं असतात ना, त्यातला.

अशा माणसाच्या हाती आमच्या समाजाने वधू-वर सूची दिली.

सूची म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. तुळशीचं लग्न झालं की जळगावला मेळावा भरतो. तिथे एक जाड पुस्तक निघतं. त्यात लग्नाच्या मुलामुलींचे फोटो, शिक्षण, नोकरी, शेती किती, मामाचं कूळ कोणतं. या पुस्तकाशिवाय आमच्याकडे सोयरीक पुढे सरकत नाही. लोक पोथी उशाशी ठेवतात की नाही मला माहीत नाही, सूची ठेवतात. गेली चार वर्षं ती निंबा टाइप करतो, फुकट. फुकट म्हणजे पहिल्या पानावर 'संकलन व अक्षरजुळणी' खाली नाव येतं, त्या किमतीत. त्या वर्षी चारशे बारा अर्ज आले होते. गणपतीला सूची छापखान्यात जायची होती. निंबाने आषाढातच सगळं टाइप केलं, फोटो चढवले, आणि कागदी अर्जांचा गठ्ठा प्रमिलाबाईला पाणी तापवायला देऊन टाकला. प्रमिलाबाई म्हणजे त्याची बायको. तिने विचारलं होतं, "आवो, ठेवू का काही दिवस?" तर म्हणाला, "कशाले? आता ते अमर झाले."

अमर झालेले एक महिनाही जगले नाहीत.

त्या वर्षी श्रावण अधिक आला. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, जावयाचा महिना. तीन वर्षांनी एकदा सासऱ्याच्या घरी देव येतो, तो शर्ट-पँट घालून येतो आणि तेहतीस अनारसे घेऊन जातो. निंबाची मुलगी किरण पुण्याला दिलेली. तिचा नवरा पियुष एका कंपनीत काही तरी करतो. काय करतो ते त्याने तीनदा समजावून सांगितलं आणि तिन्ही वेळा वेगळं सांगितलं. पण जावई. प्रमिलाबाईने खापरावर मांडे केले, रशी म्हणजे तिखट आमटी केली, अनारसे तळले. पियुषराव जेवले, हात पुसले, आणि जावयाला जेवणानंतर जे सुचतं ते त्यांना सुचलं. सासऱ्याच्या वस्तूत खोट काढावी.

"बाबा, तुमचा कॉम्प्युटर फार हळू चालतो. विंडोज जुनं झालंय. याच्यावर दुसरी सिस्टीम टाकून देतो, लिनक्स. फुकट असते. विंडोज राहील जसंच्या तसं, ही बाजूला बसेल. चालू करताना विचारेल, कोणती हवी."

निंबाला त्यातलं 'बाजूला बसेल' एवढं कळलं. आणि खरं सांगायचं तर त्याला ते नको होतं. ज्या डब्याला तो प्रमिलाबाईला फडकंसुद्धा लावू देत नसे, त्यात दुसऱ्याचा हात! पण आमच्याकडे धोंड्याला आलेल्या जावयाला नाही म्हणायची पद्धत नाही. तो बैलगाडी मागेल तर बैल धुऊन द्यायचे. निंबा हसला, आहेत तेवढ्या दातांनी.

पियुषने पेन ड्राइव्ह लावला. मध्येच मान वळवून विचारलं, "बाबा, डीमधली थोडी जागा घेऊ का?"

आणि निंबाने ते उत्तर दिलं, जे खानदेशातला कुठलाही सासरा झोपेतही देईल. "घ्या की बापू. विचारता काय? सगळं तुमचंच हाये."

जावयांना असं म्हटलं की ते मनावर घेतात. थोडी जागा मागितली होती, सगळी घेतली. डी पुसला, त्यावर नवी सिस्टीम बसवली, आणि पाऊण तासात मांडीवर थाप मारून म्हणाले, "आता पळेल बघा!" निंबानेही पाहिलं. खरंच पळत होता. ओझं उतरलेलं जनावर पळणारच.

जावई अनारसे घेऊन पुण्याला गेले. दुसऱ्या दिवशी निंबाने डबा चालू केला. पडद्यावर दोन नावं आली आणि खाली आकडा उतरत गेला, दहा, नऊ, आठ. निंबा कोणतं निवडावं याचा विचार करेपर्यंत यंत्राने स्वतःच निवडलं. हेमराज आबांच्या मीटिंगसारखं. मग निंबाने डी शोधला. डी नव्हता. विंडोजमध्ये जाऊन शोधला. तिथे सी होता, स्वच्छ, रिकामा, व्हायरसची वाट बघत बसलेला. डी नव्हता. 'जपून ठेवणे' नव्हतं. चारशे बारा मुलंमुली, त्यांची मामांची कुळं, नोकऱ्या, शेती आणि स्टुडिओत उसनी टाय बांधून काढलेले फोटो, सगळं गडप.

आता कोणीही दुसरा माणूस काय करील? जावयाला फोन लावील. "अहो, असं असं झालं, काय करू?" निंबाने फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. जावयाला चूक दाखवायची? धोंड्याच्या महिन्यात? तो मुलीला बोलेल, मुलगी आईला बोलेल, आई विहिणीला बोलेल, आणि पुढचे तीन अधिक महिने त्या घरात 'तुझ्या बापाने मला नावं ठेवली' हेच जेवायला वाढलं जाईल. प्रमिलाबाईला सांगावं, तर तिच्या पोटात पाणी राहील पण किरणपासून लपवायची गोष्ट राहणार नाही. समाजाला सांगावं, तर हेमराज आबा पुढच्या वर्षीपासून सूची वरणगावच्या तोतारामला देतील. तोताराम वीस वर्षांपासून त्यावर टपून आहे. सूची गेली तर पहिल्या पानावरचं नाव गेलं, आणि त्या नावाशिवाय निंबा म्हणजे दोन दात नसलेला एक फ्लेक्सवाला.

म्हणून निंबाने कोणालाच सांगितलं नाही. त्याऐवजी त्याने आणखी वाटोळं करून घेतलं. चार दिवस तो त्या नव्या सिस्टीममध्ये बसून 'गेलेल्या फायली परत आणा' असली फुकटची सॉफ्टवेअरं उतरवत राहिला. एक उतरवलं, चाललं नाही. दुसरं उतरवलं, तिसरं उतरवलं. मधल्या वेळात गिऱ्हाइकांचे तीन मोठे फ्लेक्सही तिथेच तयार करून ठेवले. पाचव्या दिवशी तो उठला, प्रमिलाबाईची जुनी जांभळी साडी मागितली, "डब्याले धूळ लागते" म्हणाला, त्यात अख्खा सीपीयू बांधला आणि गाडीत बसला.

जळगावला गेला नाही. जळगावात पान खाल्लं तर बोदवडात थुंकी लाल होते. तिथल्या दर दुसऱ्या दुकानात कोणाचा तरी साडू बसलेला असतो. म्हणून धुळे. धुळ्यात निंबाला कोणी ओळखत नाही, आणि ओळखून कोणाचं भलंही होणार नाही.

देवपुरात एका इमारतीच्या पायऱ्यांखाली ज्योत्स्नाचं दुकान आहे. सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी, नाकावर चष्मा, समोर उघडी पडलेली यंत्रं. बंद पडलेल्या डिस्कमधून हरवलेलं काढून देते. निंबाने साडीची गाठ सोडली तेव्हा ती आधी साडीकडे आणि मग त्याच्याकडे बघत राहिली.

"थांबा, आधी देखस, मंग सांगस," म्हणाली. अर्ध्या तासाने चष्मा वर केला. "काका, पाट्या रंगवायचे म्हणता ना? जुन्या पाटीवर पांढऱ्याचा हात मारला तर खालची अक्षरं जातात का?"

"नाही. उन्हात दिसतात."

"आणि पांढऱ्यावर दुसरी पाटी लिहिली तर?"

 पेंटर असल्याने निंबाला ते इतकं चांगलं कळलं की डोळ्यांत पाणी आलं.

"ज्याने पुसलं त्याने पांढरा हात मारला. चार दिवस वर लिहीत बसलात ते तुम्ही. घरात चोरी झाल्यावर कोणी घर सारवून, रंगवून मग पोलिसांना बोलावतं का? हरवलं की हात लावायचा नाही. डबा बंद करायचा आणि यायचं. बघते, किती उरलंय ते. ठेवून जा, दोन दिवस लागतील. रात्रभर चालू राहू द्यावं लागेल."

आणि इथे निंबाने आपली जात, म्हणजे खानदेशी बापाची जात, दाखवली. तो म्हणाला, "ठेवणार नाही."

"का?"

"त्यात दोनशे पोरी आहेत."

"काका, फोटो आहेत."

"लोकांच्या लेकीबाळी आहेत. माझ्या भरवशावर दिल्यात. परक्या गावात रात्री ठेवायच्या नाहीत."

ज्योत्स्नाने कपाळावर हात मारला. पण गडी हलला नाही. सकाळी यायचा, समोरच्या स्टुलावर बसायचा, पडद्यावरची पट्टी सरकताना बघायचा. पाच वाजले की डबा परत मागायचा, साडीत बांधायचा, घरी न्यायचा. चार-पाच दिवसांनी पुन्हा आणायचा. पट्टी पुन्हा पहिल्यापासून. दहा तासांचं काम दर खेपेला सहा तास करून सोडून द्यायचं, हे अर्धवट रंगवण्याचं कसब त्याने आयुष्यभर भिंतींवर दाखवलंच होतं. चिंधाला जो दिसला तो हा निंबा. आणि नवीनच्या टपरीमागे 'कोणाला दाखवू नका' म्हणत होता तो याच पोरींबद्दल.

चौथ्या खेपेला ज्योत्स्ना वैतागली. "काका, आज शेवटचं. नाही तर बठ्ठा, सगळाच्या सगळा तुमचा डबा उचला आणि जा."

निंबाने पिशवीतून कुलूप काढलं. बोदवडहून आणलेलं, गोठ्याचं, मनगटाएवढं. "तुमच्या शटरले माझं बी कुलूप लावतो. किल्ली माझ्याजवळ. मग राहू दे रात्रभर."

ती हसली की रडली ते मला नक्की सांगता येत नाही. पण म्हणाली, "उद्या साडेदहाला आला नाहीत तर कटरने तोडीन." दुसऱ्या दिवशी निंबा पहिल्या गाडीने निघाला आणि सव्वादहाला दारात उभा होता. चिंधाने बोदवडात कळवलं: आता तर रोज चाललंय.

इकडे प्रमिलाबाईच्या कानावर गेलंच. हेमराज आबांच्या घरी मांडे करायला बायका जमल्या होत्या. ही आत आली आणि सगळ्या एकदम कणकेकडे बघायला लागल्या. प्रमिलाबाई बायकांची असली शांतता चाळीस वर्षं स्वतः तयार करत आलेली आहे, तिला अर्थ सांगावा लागला नाही. घरी येऊन तिने निंबाला ताट वाढलं आणि विचारलं, "धुळ्याले कोन हाये?"

निंबाने तांब्या उचलला. एका बाजूला बाईचा आळ, दुसऱ्या बाजूला जावयाची अब्रू. माणसाने किती वेळ विचार करावा? निंबाने पाणी प्यायला लागतं तेवढा केला.

"हाये एक," म्हणाला.

मी पुष्कळ मूर्ख पाहिलेत, पण जावयाची चूक झाकायला स्वतःच्या गळ्यात बाई बांधून घेणारा हा पहिलाच.

प्रमिलाबाईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. दातांच्या फटीपाशी थोडी थांबली. "तुमच्याजवळ?" म्हणाली. "तिले डोयानं दिसते ना बाप्पा?" आणि उठून भाकरी टाकायला गेली. दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा हातात देताना एवढंच म्हणाली, "तिले सांगजा, डबा घासून देत जाय. तेल तसंच ऱ्हाते." पण त्या डब्यात ठेचा नव्हता. प्रमिलाबाई ज्या दिवशी ठेचा देत नाही त्या दिवशी ती रडलेली असते, हे निंबाला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं, मीच सांगितलं असतं विचारलं असतं तर.

अखेर फायली मिळाल्या. ज्योत्स्नाने एका नव्या डिस्कवर भरून दिल्या, आणि निंबाचा चेहरा उजळला तसा लगेच विझवलाही. "काका, वस्तू मिळाल्या, नावं मिळाली नाहीत. फोल्डरही नाहीत. हे बघा." पडद्यावर नुसते आकडे. एक हजार सातशे त्रेपन्न, एक हजार सातशे चोपन्न. माहितीचं पान उघडलं तर आत नाव होतं, मुलगी कोण, कुठली, काय शिकली. पण फोटो वेगळे, आणि फोटोच्या पाठीवर काही लिहिलेलं नसतं. तीनशे एक्क्याण्णव माहितीची पानं, तीनशे एक्क्याण्णव चेहरे, आणि कोणता चेहरा कोणत्या पानाचा ते देव जाणे. उरलेले एकवीस जण निंबाच्या फ्लेक्सखाली कायमचे गाडले गेले होते.

गणपती तेरा दिवसांवर. निंबा दार लावून बसला. तीन दिवसांत त्याने चाळीस जोड्या लावल्या. त्यांतल्या नऊ अशा की छापल्या असत्या तर फौजदारी झाली असती. जामनेरच्या एका इंजिनिअर मुलाच्या पानाला त्याने त्याच्याच चुलत्याच्या मुलाचा फोटो जोडला होता. निंबाला माणसांचे चेहरे आठवत नाहीत, त्याला फक्त पाट्या आठवतात.

चौथ्या दिवशी प्रमिलाबाई चहा घेऊन आत आली. तिला वाटलं आत फोनवर 'ती' असेल. पडद्यावर एक मुलगी होती, पण गुलाबी साडीतली, स्टुडिओतल्या खोट्या खांबाला टेकलेली. खाली निंबाने लिहिलं होतं: सुनोदा.

"ही सुनोद्याची नाही," प्रमिलाबाई म्हणाली. "ही फत्तेपूरची. योगराजची मधली. नाक पाह्य ना, आजीचं नाक हाये. सुनोद्याच्या पोरीले हनुवटीले तीळ."

निंबाने पुढचा फोटो उघडला. "हा?"

"हा कुंदाबाईचा भाचा. याच्या हळदीले... नाही, याच्या भावाच्या हळदीले आपण गेल्तो. जेवण खारट होतं."

"हा?"

"साकेगाव. बापानं दोन लग्नं केली, पहिलीचा."

निंबाने खुर्ची सरकवली. प्रमिलाबाई बसली. चहा तिथेच गार झाला. साठ-सत्तर चेहरे झाल्यावर तिने मान वळवली. "यायची नावं कुठी गेली?"

तेव्हा कुठे त्याने सांगितलं. अनारशांपासून कुलपापर्यंत सगळं, पडद्याकडे बघत. प्रमिलाबाईने ऐकून घेतलं. निंबाला वाटलं आता ही किरणला फोन लावणार. तिने पदर खोचला.

"पोरीले सांगू नका," म्हणाली. "जावयाले तर नाहीच नाही. आन धुळ्याची ती... ऱ्हाऊ द्या. असू द्या तशीच."

मग दहा दिवस त्या खोलीत जे चाललं त्याला कोणत्या दुकानात सॉफ्टवेअर मिळत नाही. निंबा आकडा उघडायचा, प्रमिलाबाई कूळ सांगायची. चाळीस वर्षं ज्या बाईला आम्ही सगळे 'हिला काय उद्योग, नुसत्या लग्नांना जाते आणि नाकंडोळे मोजते' म्हणत होतो, तिने एका खुर्चीवर बसून अख्ख्या समाजाची जुळणी केली. दोन-चार ठिकाणी अडली. भुसावळचे दोन जुळे भाऊ होते. त्यांत कोणता कोण ते त्यांच्या आईलाही फोटोवरून सांगता येत नाही, आणि एकाला स्थळ मिळालं काय दुसऱ्याला मिळालं काय, म्हणून ते सोडून दिले. गाडल्या गेलेल्या एकवीस जणांच्या घरी निंबा स्वतः गेला. "फोटोत डोळे मिटलेत, नवा द्या, माहितीही परत भरून द्या, यंदा फॉर्म बदललाय." लोकांनी डोळे उघडून नवे फोटो दिले. कोणी विचारलं नाही. सरकारी कामांची सवय.

आणि गावात? गावात प्रमिलाबाईने स्वतः त्या बातमीला पाणी घातलं. विहिरीवर, मंदिरात, हळदीत कोणी डोळा मिचकावून विचारलं की ती म्हणायची, "हो, हाये धुळ्याले. मीच पाठोते. घरात कटकट कमी." बायकांची तोंडं अशी बंद झाली की तशी हेमराज आबांनाही आयुष्यात करता आली नाहीत. नवऱ्यावरचा आळ तिने ठेवून घेतला, कारण तो काढला असता तर खालून जावई निघाला असता.

मेळावा झाला. सूची निघाली, तीनशे पानांची, चारशे बारा जण, एक जोडी न चुकता. भुसावळचे जुळे सोडून, आणि ते अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. हेमराज आबांनी पंचेचाळीस मिनिटं भाषण केलं. तंत्रज्ञानामुळे समाज कसा पुढे गेला ते सांगितलं. मग पहिलं पान उघडून वाचलं. 'संकलन व अक्षरजुळणी' खाली निंबा होता, आणि त्याच्याही खाली, निंबाच्या अकलेची शिकस्त, 'तांत्रिक साहाय्य: आमचे जावई श्री. पियुष.' प्रमिलाबाईचं नाव कुठेच नव्हतं. शाल, नारळ, टाळ्या. पियुषराव खास पुण्याहून आले होते. त्यांनी माइक हातात घेतला आणि समाजाला एक सल्ला दिला: महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी, लोक इथेच निष्काळजीपणा करतात. पहिल्या रांगेत बसलेला निंबा सर्वांत आधी टाळ्या वाजवायला लागला. प्रमिलाबाईने दोन वाजवल्या आणि पदर सावरला.

खाली उतरून पियुषने विचारलं, "बाबा, पळतोय ना आता कॉम्प्युटर?"

"पळतोय, बापू. लई पळतोय."

मला हे सगळं कसं कळलं, असं विचाराल. चिंधाकडून पत्ता घेऊन मी स्वतः धुळ्याला गेलो होतो, ती बाई बघायला. ज्योत्स्नाने मला स्टूल दिलं, चहा पाजला आणि शटरवरचे कुलपाचे ओरखडे दाखवले. बाकीचं निंबाकडून काढायला एक पुडी तंबाखू लागली. पियुषराव मराठी पुस्तकं वाचत नाहीत आणि बोदवड काहीच वाचत नाही, म्हणून लिहायला हरकत नाही.

तर, निंबा पेंटरची धुळ्याला बाई नव्हती. हार्ड डिस्क दुरुस्तीला टाकली होती. ती जावयाने पुसली होती, आणि जावयाला ते सांगायचं नसतं, म्हणून सासरा महिनाभर एसटीने धुळ्याला जात होता.